कोलंबिया ते नागसेनवन : बाबासाहेबांचे परदेशातले शिक्षण आणि आपल्या नांदेड-लातूरची मुले

नांदेड आणि लातूरच्या वस्त्यांमध्ये बाबासाहेबांचा फोटो नाही असे घर सापडणार नाही. फोटोखाली पदव्यांची ओळ असते : एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ, एलएल.डी., डी.लिट. चौथीतल्या मुलीलाही ती ओळ पाठ असते. जयंतीच्या भाषणात ती एका दमात म्हटली जाते आणि टाळ्या पडतात. पण या पदव्यांसाठी पैसा कुठून आला, कोणत्या कागदावर सही करावी लागली, शिक्षण मध्येच का तुटले, परत जाण्यासाठी कोणाकडे हात पसरावा लागला, हे फारसे सांगितले जात नाही. आणि परत आल्यावर त्या माणसाने आपल्या मराठवाड्यातल्या मुलांसाठी जगाचे दार कसे उघडले, हे तर त्याहून कमी सांगितले जाते. म्हणून या वेळी आम्ही बाबासाहेबांचे चरित्र एवढ्याच एका बाजूने लिहीत आहोत.

१४ एप्रिल १८९१ चा जन्म महूचा. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकवत होते, त्यामुळे घरात इंग्रजीचे आणि अक्षराचे वारे होते. शाळेतला अपमान आपल्याला माहीत आहे, तो इथे पुन्हा सांगत नाही. १९०७ साली भीमराव मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे पैशाअभावी कॉलेज अडू लागले तेव्हा याच केळुसकरांनी त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपुढे उभे केले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. म्हणजे धम्माचे पहिले पुस्तक आणि शिक्षणाचे पहिले पैसे एकाच माणसाच्या ओळखीतून आले. १९१२ मध्ये अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन ते बी.ए. झाले.

१९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि २ फेब्रुवारीला रामजींचे निधन झाले. घरात पत्नी रमाबाई, काही आठवड्यांचा यशवंत आणि मोठे कुटुंब. अशा वेळी कोणीही नोकरी धरून बसला असता. त्याच वर्षी सयाजीराव महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठवणार होते. भीमरावांनी अर्ज केला, निवड झाली आणि ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. ठरलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करायची, अशी अट होती. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची. आजही परदेशी शिष्यवृत्ती मिळाली की मुलाच्या हातात आधी करारपत्रच येते, तेव्हा तो कागद पाहून घाबरायचे कारण नाही.

जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी उपलब्ध आहे आणि आमच्या मते ती प्रत्येक बुद्ध विहाराच्या भिंतीवर लावावी अशी आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि वर फ्रेंच व जर्मन भाषेचा एकेक. पदवीसाठी इतके लागत नव्हते. जे जे दिसेल ते घ्यायचे, कारण हे दार पुन्हा उघडेल याची खात्री नव्हती. अर्थशास्त्रात सेलिग्मन, तत्त्वज्ञानात जॉन ड्यूई, इतिहासात जेम्स हार्वे रॉबिन्सन असे गुरू मिळाले. पारशी मित्र नवल भथेना इथेच भेटले. ही मैत्री पुढे कशी उपयोगी पडली ते येईलच.

अस्पृश्य म्हणून जन्मलेला तरुण न्यूयॉर्कमध्ये कुठल्याही टेबलाशी बसून जेवू शकत होता, कुठलेही पुस्तक हातात घेऊ शकत होता. बडोद्याच्या त्या थोड्या दिवसांच्या नोकरीत त्यांना जे भोगावे लागले होते, त्यानंतर ही केवढी गोष्ट असेल याचा अंदाज आपल्यापैकी ज्यांच्या आजोबांनी हॉटेलातला वेगळा कप पाहिला आहे त्यांना येईल. मात्र या मोकळेपणात ते हरवले नाहीत. नाटक-सिनेमा नाही, फिरणे नाही. रिकामा वेळ जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाई. त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली.

१९१५ मध्ये प्राचीन भारतातील व्यापारावर प्रबंध लिहून ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जात कशी निर्माण झाली, ती कशी टिकते, स्त्रीवरची बंधने आणि जातीबाहेर लग्न न करण्याची चाल यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, याची मांडणी पंचविशीतल्या या विद्यार्थ्याने परक्या देशातल्या जाणकारांसमोर केली. स्वतःच्या देशात हा विषय असा मांडायला त्यांना तेव्हा ना सभा मिळाली असती ना श्रोते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे आपल्याला तो लागणार आहे. पीएच.डी.चा प्रबंध भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावर होता. तोच पुढे ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ म्हणून १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२७ मध्ये पदवी रीतसर त्यांच्या नावावर लागली. ग्रंथ छापून विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवी देत नसत आणि छपाईला पैसे नव्हते, म्हणून एवढा उशीर.

ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला गेले. एका बाजूला ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास, दुसऱ्या बाजूला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. वर्षही झाले नव्हते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याने परत बोलावले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी प्राध्यापक कॅनन यांच्या मदतीने मिळवली आणि ते निघाले. पहिले महायुद्ध सुरू होते. ते ज्या बोटीने आले ती सुखरूप पोहोचली, पण सामान आणि पुस्तके ज्या बोटीवर होती ती पाणतीराने बुडवली. सामानाच्या भरपाईचे जे थोडे पैसे मिळाले त्यातूनच बडोद्याला जायचा खर्च भागला.

कोलंबियाला सेलिग्मनच्या वर्गात बसलेल्या या माणसाला बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. पारशांच्या धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. सप्टेंबर १९१७ चा तो दिवस. बडोद्याच्या कमाठी बागेत झाडाखाली बसून त्यांनी केलेला संकल्प आपण दरवर्षी आठवतो. आम्हाला इथे एवढेच दाखवायचे आहे की परदेशातली पदवी घेऊन आल्याने जात सुटत नाही, हे बाबासाहेबांना तेव्हाच कळले होते. ते पुढेही परदेशी शिक्षणाच्या मागे लागले ते स्वतःची जात लपवायला नव्हे.

मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या, शेअर बाजाराविषयी सल्ला देण्याचे काम काढले, सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. तिथे पाण्याच्या माठावरून सहकाऱ्यांची कुरबुर झाली. पगारातला मोठा वाटा ते बाजूला टाकत होते. जानेवारी १९२० मध्ये शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने मूकनायक सुरू झाले, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, आणि जुलैमध्ये ते पुन्हा लंडनच्या बोटीवर होते. बचत, शाहू महाराजांची मदत आणि भथेनांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढी शिदोरी. राजा, मित्र आणि स्वतःच्या पगारातली बचत, या तिघांनी मिळून हे शिक्षण उभे केले. ज्यांना वाटते की फक्त हुशारी पुरते, त्यांनी हा हिशेब पाहावा.

दुसऱ्या खेपेचे लंडन कडक होते. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, मग ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचन, दुपारच्या जेवणाला फाटा. रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून कपभर दुधाबरोबर खायचे. इकडे मुंबईत रमाई संसार ओढत होत्या. त्यांच्या वाट्याला या पदव्यांतले काय आले, असा प्रश्न आम्हाला नेहमी पडतो. बाबासाहेबांच्या शिक्षणाचे कर्ज त्यांनीही फेडले आहे, आणि सत्काराच्या व्यासपीठावर त्यांची खुर्ची नव्हती.

१९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर. मध्ये जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही ते काही काळ गेले. डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावर लिहिलेल्या प्रबंधात ब्रिटिश सरकारच्या चलनधोरणावर इतकी झोड होती की परीक्षकांनी तो सुधारून मागितला. पैसे संपल्याने ते १९२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईत परतले, इथूनच दुरुस्ती करून प्रबंध पाठवला आणि वर्षाअखेर डी.एस्सी. मिळाली. निष्कर्ष त्यांनी बदलले नाहीत. साम्राज्याच्या राजधानीत बसून साम्राज्याच्या तिजोरीचा हिशेब तपासणारा हा प्रबंध होता. परदेशात शिकणे म्हणजे परक्यांचे शिकून येणे, एवढाच अर्थ लावणाऱ्यांना हे उदाहरण पुरे.

इथपर्यंत एका माणसाचे शिक्षण झाले. आता त्याने दुसऱ्यांसाठी काय केले ते पाहू, आणि आमच्या दृष्टीने चरित्राचा हाच भाग मोठा आहे.

१९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात निघालेले वसतिगृह आपल्याला ठाऊक आहे. त्याच सुमारास मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीपुढे बाबासाहेबांनी आपले म्हणणे दिले. विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेऊन प्रमाणपत्र वाटणारी कचेरी नसावी, तिथे शिकवणे आणि संशोधन एकत्र चालावे, असा त्यांचा आग्रह होता. १९२७ मध्ये कायदेमंडळात विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना मागासवर्गाला विद्यापीठाच्या कारभारात जागा मिळावी ही मागणीही त्यांनी केली. कोलंबिया आणि लंडन आतून पाहिलेला माणूस दोन्ही गोष्टी एकदम मागत होता : दर्जा जगाचा हवा आणि दार सगळ्यांना उघडे हवे. आजही आपल्याकडे या दोहोंपैकी एक निवडा असे सांगणारे भेटतात.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात नोकऱ्या, प्रतिनिधित्व यांच्या जोडीला शिक्षणाची मागणी होती. विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी देशात शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना वर्षाला दोन लाख रुपये, आणि इंग्लंड, युरोप, अमेरिका इथे जाऊन शिकणाऱ्यांना एक लाख. हिशेब पाहा : प्रत्येक तीन रुपयांतला एक रुपया परदेशासाठी. प्राथमिक शाळाही नीट नसलेल्या समाजासाठी ही मागणी अनेकांना वेडेपणाची वाटली असेल. बाबासाहेबांचा विचार वेगळा होता. गावातली शाळा लागतेच, पण निर्णय जिथे होतात त्या खुर्च्यांवर बसायला ज्या शिक्षणाची गरज असते ते शिक्षण नसेल तर गावातली शाळाही कोणीतरी बंद करून टाकतो. सरकारने तीन लाखांची तरतूद मंजूर केली. आपली मुले आज जी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेतात तिचे मूळ इथे आहे. काही विद्यार्थी बोटीने परदेशी गेलेही.

त्यांच्याविषयी बाबासाहेब पुढे समाधानी नव्हते, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. शिकलेला माणूस परत येऊन स्वतःच्या नोकरी-बंगल्यात गुंतला, याचे दुःख त्यांनी १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याच्या सभेत उघडपणे मांडले. आमच्या भागातले अनेक साहेब लोक या भाषणाचा उल्लेख टाळतात.

आता मराठवाडा. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. नांदेड जिल्हा होता, लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका. विद्यापीठ एकच, हैदराबादचे उस्मानिया, १९१८ मध्ये स्थापन झालेले आणि उर्दू माध्यमाचे. नांदेडच्या गावकुसाबाहेरच्या मुलाला मॅट्रिक होणेच अवघड, झाला तर कॉलेजसाठी हैदराबाद, आणि तिथे घरात न बोलली जाणारी भाषा. बाबासाहेबांना निजामी हद्दीत सभा घेणे सोपे नव्हते. म्हणून १९३८ मध्ये मक्रणपूरला आणि १९४१ मध्ये कसबे तडवळ्याला परिषदा झाल्या. कसबे तडवळे लातूरपासून फार दूर नाही. त्या परिषदेला आपले पणजोबा चालत गेल्याचे सांगणारी घरे लातूरकडे अजून भेटतात.

पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना ८ जुलै १९४५ ची, मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय २० जून १९४६ चे. तिसरे पाऊल बाबासाहेबांनी पुण्यात किंवा नागपुरात टाकले असते तर कोणाला नवल वाटले नसते. त्यांनी औरंगाबाद निवडले. हैदराबाद सरकारकडून जमीन मिळवली, कर्ज काढले आणि जून १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केले. राज्यघटना लागू होऊन पाच महिनेही झाले नव्हते. मे महिन्यात बाबासाहेब कोलंबोला जगभरच्या बौद्धांच्या परिषदेत होते, आणि लगेच पुढच्या महिन्यात मराठवाड्यात कॉलेज उघडत होते. दोन्ही कामे त्यांच्या लेखी एकाच कामाचे भाग असावेत. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली.

महाविद्यालयाला मिळालेले नाव पाहा. मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक वंशाचा राजा. त्याची राजधानी सागल, आजचे सियालकोट. हा विद्वान राजा सगळ्यांना वादात हरवत असे. भिक्खू नागसेनाने त्याच्या प्रश्नांना उत्तरे दिली आणि राजाने ती मान्य केली. पाली भाषेतला मिलिंदपञ्ह हा ग्रंथ त्या संवादाचा. परिसराचे नाव नागसेनवन. मराठवाड्याच्या माळावर गावकुसाबाहेरच्या मुलांसाठी उघडलेल्या कॉलेजला एका परदेशी राजाचे आणि त्याच्याशी बरोबरीने बोलणाऱ्या भिक्खूचे नाव. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही तिथे आहेत. वंश, देश, राजा-भिक्षेकरी हा भेद चर्चेत आड येत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे बाबासाहेबांच्या शिक्षणविचाराचा सारा आराखडा या दोन नावांत आहे, आणि खेदाची गोष्ट ही की नागसेनवनात शिकून आलेल्या कितीतरी जणांना मिलिंद कोण हे सांगता येत नाही.

पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. वसतिगृह उभे राहिले आणि नांदेड, परभणी, उस्मानाबादकडची पोरे पत्र्याची ट्रंक घेऊन तिथे पोहोचू लागली. नांदेडहून मीटर गेजची गाडी पूर्णा, परभणी, जालना करत औरंगाबादला जाई. लातूरकडच्या मुलांना तेवढीही सोय सरळ नव्हती. त्याच १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, लातूरला दयानंद महाविद्यालय यायला १९६१ उजाडले. तोवर ज्याच्या घरी पैसा नाही आणि जात आड येते, त्याला मिलिंद हेच ठिकाण होते. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये झाले. तोपर्यंत ही महाविद्यालये उस्मानियाला जोडलेली होती. त्याच उस्मानियाने १२ जानेवारी १९५३ रोजी बाबासाहेबांना डी.लिट. दिली. त्याआधी ५ जून १९५२ रोजी कोलंबियाने एलएल.डी. देऊन गौरवले होते, ती घ्यायला ते स्वतः न्यूयॉर्कला गेले. फोटोखालच्या ओळीतल्या शेवटच्या दोन पदव्या त्या या. एक जगातल्या बड्या विद्यापीठाची, दुसरी आपल्या भागातल्या जुन्या विद्यापीठाची.

अमेरिकेशी त्यांचे नाते केवळ पदवीचे नव्हते. १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस यांना त्यांनी पत्र लिहिले होते. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांपुढे अर्ज करणार आहेत हे वाचून त्यांनी त्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेता येईल का हे ते पाहत होते. हे बी पुढे नागसेनवनातच रुजले. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात वॉल्ट व्हिटमनवर संशोधन करून आले, मिलिंदमध्ये प्राचार्य झाले आणि कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख त्यांनी दलित लेखकांना करून दिली. त्यांच्या भोवतीच्या मंडळींतून, गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली, अस्मितादर्श उभे राहिले. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले. हार्लेम ते लातूर अशी ही वाट आहे, आणि ती कोणा परराष्ट्र खात्याने आखलेली नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. तीन आठवड्यांपूर्वीच ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बोलले होते.

त्यानंतर त्यांच्या नावासाठी आपल्या जिल्ह्यांनी काय दिले, हे नव्या पिढीला माहीत असले पाहिजे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि गावोगाव वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्याला मोठी झळ बसली. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे वेगळे विद्यापीठ सुरू झाले. लातूर, परभणी, नांदेडची महाविद्यालये त्याला जोडली गेली. हा योगायोग होता की आणखी काही, यावर आमच्याकडे अजून वाद घालतात. एका विद्यापीठाच्या पाटीवरच्या नावासाठी माणसे मेली, याचा अर्थ ते नाव म्हणजे काय हे मारणाऱ्यांना आणि मरणाऱ्यांना दोघांनाही नीट कळले होते.

आता आजचे. केंद्राची परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. राज्याने २००३ पासून राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने परदेशी शिक्षणाची योजना चालवली, तिच्यात वर्षाला ७५ जागा आहेत. साऱ्या महाराष्ट्रासाठी ७५. लातूर पॅटर्नमध्ये डॉक्टर-इंजिनिअर होण्याची तयारी करणारी आपली हजारो मुले आहेत, त्यातल्या किती जणांना या योजनेचे नाव ऐकू येते? शिकवणी वर्गाच्या फलकावर नीटचे गुण असतात, परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र नसते.

आणि एक गोष्ट अधिक गंभीर आहे. २०२२ साली केंद्र सरकारने आपल्या परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल करून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. या विषयांवर संशोधन करायला परदेशात जायची गरज काय, असा त्यामागचा सूर होता. आता मागे जाऊन पाहा. एम.ए.चा प्रबंध : प्राचीन भारतातील व्यापार. चर्चासत्रातला निबंध : भारतातील जाती. पीएच.डी. : भारताचे राष्ट्रीय उत्पन्न, तेही इतिहासाच्या अंगाने. हा नियम १९१३ मध्ये असता तर भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याच्या अर्जाचे काय झाले असते? सयाजीराव महाराजांनी विषय ठरवून दिले होते हे खरे, पण त्यात समाजशास्त्र होते, अर्थशास्त्र होते, आणि न्यूयॉर्कला जाऊन जातीवर बोलू नकोस असे कलम नव्हते. एका संस्थानिकाने जी मोकळीक दिली ती प्रजासत्ताकाच्या कचेरीला देता येऊ नये, याला काय म्हणायचे? आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या संघटनांनी जयंतीच्या मिरवणुकीच्या खर्चातून थोडा वेळ आणि थोडा पैसा काढून यावर निवेदने दिली पाहिजेत. आम्ही दिले आहे, एकट्याच्या निवेदनाने कोणी हलत नाही.

लंडनमधले किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर, जिथे १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहिले, ते राज्य सरकारने विकत घेतले आणि २०१५ पासून तिथे स्मारक आहे. आनंदच आहे. आमची अपेक्षा इतकीच की त्या दारात नांदेड-लातूरचा माणूस केवळ फोटो काढायला जाऊ नये, तिथल्या विद्यापीठाचा विद्यार्थी म्हणूनही जावा.

ज्या घरात यंदा कोणी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे त्यांनी जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट ही चार कामे आताच हातात घ्यावीत. केंद्राच्या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे. जाहिरात येते तेव्हा मुदत थोडी असते, आणि आपली मुले बहुतेक वेळा गुणांत नाही, कागदात मागे पडतात. इंग्रजीची परीक्षा वेगळी द्यावी लागते, तिची फी भरायला पैसे नसतील तर गावातल्या नोकरदार मंडळींनी वर्गणी काढावी. भथेनांनी पाच हजार काढले होते, १९२० साली.